पडद्याचं टोक

देवीनं माझी लाज राखली, पण ज्या हातांनी राखली ते आठवले की मान वर होत नाही.

दम लागून माझा जीव मेटाकुटीला आला होता. शेळ्यांमागं जरा चाललं की छातीत धडधडायचं. चकलांब्याच्या डॉक्टरांना छातीत वेगळाच आवाज ऐकू आला. त्यांनी बीडला टूडी इको, म्हणजे छातीची सोनोग्राफी करायला धाडलं. तिथं तपासणारे पुरुष. पोलकं काढून डाव्या कुशीवर झोपा म्हणाले, तशी मी उठून बाहेरच आले. मालकांना सांगितलं, मशीन बंद हाय. ते बिचारे खरं धरून चालले.

आमच्या गावात दर मंगळवारी देवीचं लुगडं बदलताना दोघी सवाष्णी पडदा धरतात, तिचं अंग कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. एक टोक माझ्याकडं. थोरल्या जाऊबाई विधवा. त्यांनी एकदा हात पुढं केला, तेव्हा मीच म्हणाले होते, "आक्का, तुमी नका धरू." त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

दम वाढला, पुन्हा बीड गाठावं लागलं. मशीन सुरू झाली का, असं मालकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ती बंद कधी होती? मालक उठून बाहेर जाऊन बसले. मी खाटेवर बसले, आणि पोलक्याच्या हुकाशी हात गेला तसं रडूच फुटलं. ते ऐकून बाहेर नंबराची वाट बघणारी एक म्हातारी आत आली. कुंकवाविना मोकळं कपाळ, खांद्यावर घोंगडी. तिनं ती घोंगडी माझ्यापुढं ताणून धरली.

"सायेब, हात खालून घाला अन् तुमी तिकडं टीव्हीत बघा," ती म्हणाली. "झोप गं माय."

जन्मल्यावर मिटायला हवी होती ती एक रक्ताची नळी माझ्या छातीत उघडीच राहिली होती. पुढं मोठ्या दवाखान्यात मांडीतून तार घालून ती बंद केली. आता शेळ्यांमागं माळ चढते. त्या माऊलीचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

बरी झाल्यावर पहिल्याच मंगळवारी पडद्याचं माझं टोक आक्कांच्या हातात दिलं. बायका कुजबुजल्या.

"कावून गं? आता चालतं व्हय?" आक्कांनी विचारलं.

मला तोंड वर करवेना. देवीला कुणाचा हात चालतो हे ठरवणारी मी कोण होते? "चुकले, आक्का," एवढंच म्हणाले, आणि पडद्याबाहेर जाऊन हात जोडून उभी राहिले.