ड्यूकच्या जागी मी

आमच्या इन्स्टिट्यूटला इंग्लंडच्या राजघराण्यातले एक ड्यूक भेट देणार असं ठरलं, तेव्हा आधी बाथरूमचे नळ बदलले गेले, मग भिंती रंगवल्या गेल्या आणि सगळ्यात शेवटी आम्हाला सांगण्यात आलं. बहुधा महत्त्वाच्या क्रमानेच.

मी बहारीनमध्ये जनाबियाच्या बाजूला एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये एसी दुरुस्ती शिकवतो. प्रिन्सिपल इंग्रज. व्हाइस प्रिन्सिपल आपलेच, नाशिककडचे, पण आपले आहेत याची आठवण करून दिलेली त्यांना आवडत नसे. माझ्याशी ते इंग्रजीतच बोलत, आणि सकाळी मी 'गुड मॉर्निंग' म्हटलं की माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघत. त्या भिंतीला मी कधीकधी स्वतः वळून बघायचो, एवढं काय आहे तिथे म्हणून. स्टोअर सांभाळायला रत्नागिरीचे एक चाचा होते. इन्स्टिट्यूट सुरू झाल्यापासूनचे. माझं तिथलं मराठी बोलणं काय ते त्यांच्याशीच.

त्या संध्याकाळी बुसैतीनला घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती नर्स आहे, नुकतीच शिफ्ट संपवून आली होती आणि पाय खुर्चीवर घेऊन बसली होती.

"ड्यूक म्हणजे राजा का?"

"राजाचा नातेवाईक."

"मग काम काय करतो?"

"भेटी देतो. फिती कापतो, पाटीवरचे पडदे ओढतो, झाडं लावतो."

"आणि?"

"आणि मग दुसरीकडे जातो."

तिने आपले पाय चोळले. "म्हणजे दिवसभर उभंच," ती म्हणाली. राजघराण्याबद्दल इतकी सहानुभूती मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. पाहुण्यांची व्यवस्था बघायला एक इंग्रज बाई आल्या. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक, पण त्या बोलल्या की प्रिन्सिपलसुद्धा उभे राहायचे. ड्यूक कुठे उतरणार, किती चालणार, कुठे थांबणार, कुणाशी बोलणार, हे सगळं जमिनीवर चिकटपट्ट्या लावून ठरवायचं होतं. बंद पडलेली मशीन मागच्या खोलीत ढकलली. वर्कशॉपमधल्या सगळ्या खुर्च्याही हलवल्या, कारण फोटोत खुर्च्या अव्यवस्थित दिसतात. पोरं नेहमी फुटक्या कॉम्प्रेसरवर काम करतात, त्या दिवसासाठी नवा कोरा कॉम्प्रेसर आणला. तो बिघडलेला नसल्यामुळे त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. पोरांना सांगितलं, नुसते पाने हातात धरून गंभीर दिसा.

मग प्रश्न आला तालमीचा. पाटीवरच्या पडद्याची दोरी किती उंचीवर हवी, फोटो कुठून घ्यायचे, हे बघायला ड्यूकच्या उंचीचा कुणीतरी हवा होता. बाईंनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी चांगला ताडमाड आहे.

"हा फक्त टेक्निशियन आहे," व्हाइस प्रिन्सिपल म्हणाले.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "त्याला फक्त चालायचंय."

अशी माझी नेमणूक झाली. चाचांनी स्टोअरच्या दारातून हे सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत ते मला 'महाराज' म्हणायला लागले होते.

बाईंनी मला ड्यूकचं काम शिकवलं. हात मागे बांधायचे. सावकाश चालायचं, घाई असली तरी. पट्टी आली की थांबायचं, समोरच्याकडे किंचित झुकायचं आणि एक प्रश्न विचारायचा.

"कुठला प्रश्न?"

"कुठलाही. 'तुम्ही इथे बरीच वर्षं आहात का?' हा चांगला आहे."

"आणि उत्तर?"

"ते तो माणूस देईल," त्या म्हणाल्या, जणू उत्तराचा आणि माझा काही संबंधच नव्हता.

खरंच नव्हता. प्रिन्सिपलसमोर थांबून मी विचारलं, आपण इथे बरीच वर्षं आहात का. ज्या माणसाने माझ्या रजेच्या अर्जावर सही करताना कधी मान वर केली नव्हती, त्याने मला स्वतःची सगळी नोकरी उभी-आडवी सांगितली. मी मान डोलावत राहिलो. थोड्या वेळाने बाईंनी खूण केली, मी 'हाऊ इंटरेस्टिंग' म्हणून पुढे सरकलो. बस, एवढंच काम. एसीचा गॅस भरायला यापेक्षा जास्त लक्ष लागतं. पण एक सांगायला हवं, पहिल्या दिवसाअखेर माझ्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. एसी दुरुस्त करताना निदान शिडीवर तरी टेकता येतं.

मग वाकण्याचा विषय निघाला. प्रिन्सिपल म्हणाले, राजघराण्यातल्या माणसापुढे पुरुषांनी मान जराशी झुकवायची पद्धत आहे, पण सक्ती नाही, ज्याला वाटेल त्याने करावं. हे ऐकून व्हाइस प्रिन्सिपलनी त्याच दुपारी सगळ्यांना गोळा केलं आणि सक्ती केली. "ऑप्शनल त्यांच्यासाठी," ते आम्हाला म्हणाले. "आपल्यासाठी नाही." एवढ्या दिवसांत त्यांनी 'आपण' हा शब्द माझ्यासकट वापरला तो तेवढाच.

आणि सराव माझ्यावरच करायचा होता. मी पट्टीवर उभा राहिलो. व्हाइस प्रिन्सिपल माझ्यासमोर आले, टाचा जुळवल्या आणि कमरेपासून वाकले.

माझे आजोबा बुलढाण्याकडच्या एका गावात राहायचे. मोठ्यांच्या दारावरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या आणि वाकून 'जोहार' म्हणायचं, ही त्यांची रोजची कवायत होती. माझ्या वडिलांनी तरुणपणी ती बंद केली आणि त्यासाठी मारही खाल्ला. आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आलो की मान वाकवायची ती विहारात, बाकी कुठे नाही. आणि आता माझ्यासमोर भर दुपारी एका व्हाइस प्रिन्सिपलचं टक्कल चमकत होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी बाईंना म्हणालो, "फोटोच्या दृष्टीने नीट दिसलं नाही बहुतेक. एकदा पुन्हा करून घ्यायचं का?"

बाईंनाही पटलं. पुन्हा झालं.

पण प्रत्यक्ष दिवशी मीही त्याच रांगेत उभा राहणार होतो आणि मलाही वाकायचं होतं. हे मनात टोचत राहिलं. घरी जाऊन मी वडिलांना फोन लावला. वाटलं, म्हातारा आता पेटून उठेल, मला धीर देईल, नोकरी गेली तरी चालेल म्हणेल. मी सगळं सांगितलं.

"मंग?" वडील म्हणाले. "थोडकं वाकून घे ना."

"बाबा, तुम्हीच तर आयुष्यभर सांगितलं."

"ते पाटलासाठी सांगतलं होतं. हा तं पाव्हना हाय." लगेच पुढे म्हणाले, "पन मान लय खाली घालू नको. फोटोत तोंड दिसलं पायजे. मले विहारात दाखवा लागते."

आमची मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. ती म्हणाली, "आजोबा इज सो प्रॅक्टिकल." मी फोन ठेवला आणि ठरवलं की वाकायचं नाही. घरातला नियम मोडायची परवानगी खुद्द नियम करणाऱ्याने दिली होती, आणि तरीही मी तो पाळणार होतो. हट्टीपणासुद्धा वडिलांकडूनच आलेला.

भेटीच्या दिवशी सकाळपासून आम्ही उन्हात रांगेत उभे होतो. ड्यूक रात्री झल्लाकच्या एका हॉटेलात उतरले होते आणि आमच्याकडे यायच्या आधी त्यांना आणखी कशाचं तरी उद्घाटन करायचं होतं. ते लांबलं. व्हाइस प्रिन्सिपलच्या कोटाच्या पाठीवर घामाचा डाग पसरत चालला होता. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, काही विचारलंच तर 'इट्स अॅन ऑनर, सर' एवढंच म्हणायचं.

गाड्या आल्या. ड्यूक उतरले आणि पहिलीच पंचाईत झाली. ते माझ्यापेक्षा चांगलेच बुटके होते. बाईंच्या कागदातली उंची बहुधा त्यांच्या तरुणपणीची असावी. वय झालेला, दमलेला, नीटनेटका माणूस. पडद्याची दोरी माझ्या उंचीला बांधलेली, त्यामुळे ती ओढायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. पडदा सरकला, टाळ्या झाल्या. हात मागे बांधून ते रांगेकडे आले.

प्रिन्सिपलसमोर थांबून त्यांनी विचारलं, "तुम्ही इथे बरीच वर्षं आहात का?"

मी जवळजवळ उत्तर द्यायला लागलो होतो. प्रिन्सिपलनी तालमीतलं उत्तर जसंच्या तसं म्हटलं, आणि ड्यूकनी नेमक्या जागी 'हाऊ इंटरेस्टिंग' म्हटलं. मान डोलावणं माझ्यापेक्षा सफाईदार होतं, पण अनुभवाचा फरक असतो.

मग व्हाइस प्रिन्सिपल. ते असे काही वाकले की ड्यूकनी हात पुढे केला तेव्हा समोर हात नव्हताच, टक्कल होतं. ड्यूक तसाच हात पुढे धरून थांबले. त्यांना सवय असावी. व्हाइस प्रिन्सिपल वर आले तोवर ते पुढे निघाले होते.

आता मी. मी सरळ उभा राहिलो आणि हात पुढे केला. त्यांनी तो धरला. माझ्या न वाकण्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. रात्ररात्र मी ज्याची चिंता केली, ती गोष्ट जगात फक्त दोघांना महत्त्वाची होती, मला आणि व्हाइस प्रिन्सिपलना.

बाई मागून म्हणाल्या, "सर, तालमीत तुमच्या जागी हे होते."

"अच्छा, म्हणजे तुम्ही मी होतात," ड्यूक म्हणाले. "कसं वाटलं?"

व्हाइस प्रिन्सिपल माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. ऑनरचं वाक्य तोंडाशी आलंही होतं. पण त्या माणसाने एक पाय किंचित उचलून दुसऱ्यावर भार दिलेला मला दिसला, आणि मी म्हणालो, "सर, पाय दुखतात."

ड्यूकनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फार दुखतात. इथे कुठे खुर्ची आहे का?"

खुर्च्या सगळ्या हलवलेल्या. बाई, प्रिन्सिपल, व्हाइस प्रिन्सिपल, तिघं तीन दिशांना बघायला लागले. तेवढ्यात चाचा स्टोअरमधून स्वतःची फिरती खुर्ची ढकलत घेऊन आले. पाहुणे जाईपर्यंत दाराबाहेर यायचं नाही असं त्यांना बजावलेलं होतं. खुर्चीच्या बैठकीतून स्पंज बाहेर आला होता. ड्यूक आत माझ्या वर्कशॉपमध्ये आले, एसीच्या झोताखाली त्या खुर्चीवर बसले आणि डोळे मिटून घेतले. पोरं पाने हातात धरून गंभीर उभी होती.

चाचांनी थर्मासमधला चहा कागदी कपात ओतला. बाई म्हणाल्या, पाहुणे बाहेरचं काही घेत नाहीत. ड्यूकनी तोवर कप घेतला होता.

"साखर जास्ती आहे साहेब," चाचा हिंदीत म्हणाले. मी ते इंग्रजीत सांगितलं.

"देवाची कृपा," ड्यूक म्हणाले आणि पीत राहिले.

मग त्यांनी मला विचारलं, या पोरांना नोकऱ्या मिळतात का. मी म्हणालो, काहींना मिळतात, काहीजण काकांच्या दुकानात बसतात. ते हसले. "माझंही तसंच झालं," ते म्हणाले. "घरचा धंदा."

हे वाक्य पुढे इन्स्टिट्यूटच्या बातमीपत्रात आलं नाही. फोटो मात्र आला. ड्यूक फाटक्या खुर्चीवर बसलेत, आणि बाजूला मी, हात मागे बांधून, किंचित झुकून उभा. तालमीची सवय. तो फोटो मी वडिलांना पाठवला तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "यातला ड्यूक कोनता?"

त्या बसण्यात सगळा वेळ गेला. ड्रायव्हर दारात येऊन हळूच 'यल्ला, यल्ला', चला चला, करायला लागला आणि पाहुणे गाडीत बसून निघाले. जाताना ड्यूकनी चाचांचा हात हातात घेतला. व्हाइस प्रिन्सिपल तोवर पुन्हा वाकले होते, यावेळी बंद काचेपुढे.

नंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मी इन्स्टिट्यूटची शोभा केली. आणि हे चक्क मराठीत म्हणाले, रागाच्या भरात. मला ते जवळजवळ घरच्यासारखं वाटलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. कार्यक्रमात शेवटी वृक्षारोपण होतं, ते राहूनच गेलं. गेटजवळ खड्डा तयार, कडुनिंबाचं रोप कुंडीत तयार, आणि त्याच्यापुढे सिमेंटमध्ये घट्ट बसवलेली पाटी: हा वृक्ष ड्यूक महोदयांच्या हस्ते लावण्यात आला. प्रिन्सिपल पाटीकडे बघून म्हणाले, आता काय करायचं. व्हाइस प्रिन्सिपल म्हणाले, रोप तर लागलंच पाहिजे, नाहीतर पाटी खोटी ठरेल. झाड लावलं की खरी होईल, असं त्यांचं गणित होतं. त्यांनी ते काम चाचांना सांगितलं आणि दोघं आत एसीत गेले.

दुपार उतरल्यावर चाचा फावडं घेऊन निघाले. मीही गेलो. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच लावा," ते म्हणाले. "तुम्ही तर ड्यूक होता ना. म्हणजे पाटीपण खरी."

मी कुंडी फोडली, रोप खड्ड्यात ठेवलं. चाचांनी माती लोटली, मी ती पायाने दाबली. पाण्याचा पाइप तिथवर पुरत नव्हता, म्हणून चाचा बादली आणायला गेले. मी तिथेच खड्ड्याच्या काठावर बसलो आणि बूट काढले.