रुखवतातल्या तीन रेकॉर्डी

मी रेकॉर्डी घ्यायला गेलेच नव्हते. लग्न तोंडावर आलं होतं आणि आईनं मला नांदेडच्या वजिराबादेत रुखवतासाठी स्टीलचे डबे आणायला पाठवलं होतं. डब्यांच्या दुकानाला लागून रेकॉर्डींचं दुकान होतं, आणि मी स्वतःला फार रसिक समजत असे. घरी एक रेडिओ, तोही वडिलांचा, बातम्यांपुरता. तरी मी मान तिरकी करून म्हणाले, "काही वेगळं दाखवा." गिऱ्हाईक बिनडोक आहे हे दुकानदारानं तेव्हाच ओळखलं असणार. कुणी न नेलेला माल त्यानं एकेक करून पुढे मांडला.

तीन घेतल्या. एक भावगीतांची, कव्हरवरच्या बाईची साडी आवडली म्हणून. एक कव्वालीची, मैत्रिणींना जळवायला. तिसरीवरची अक्षरं जिलेबीसारखी गोल, एकही वाचता येईना; म्हणून तीच सगळ्यांत भारी वाटली.

"कानडी आहे, ताई," दुकानदार म्हणाला.

"माहितीये," मी म्हणाले. कुठलं माहीत!

डब्यांऐवजी हे बघून आईनं कपाळावर हात मारला. पण पैसे संपले होते, रुखवत तर मांडायचं होतं. मग मीच त्या रेकॉर्डी बत्ताशांच्या तुळशीवृंदावनाला टेकवून उभ्या केल्या. माझा अंदाज असा की सासरचं, लातूरचं घर मोठं, तिथं रेकॉर्ड प्लेअर असणारच. मांडवात सासूबाईंचा अंदाज असा की रेकॉर्डी मांडल्यात, म्हणजे मशीन मागून येतंय. कुणाकडेच नव्हतं.

सासूबाई माहेरच्या उदगीरच्या. राग आला की कानडीत जायच्या, आणि राग त्यांना रोजच यायचा. आमच्याकडे तेव्हा रेकॉर्डला तवा म्हणत. सत्यनारायणाला जमलेल्या बायकांपुढे त्या म्हणाल्या, "नवरीनं तवे आणले. चूल कुठाय?"

"चूल सासरची असते, आत्याबाई," मी म्हणाले.

बायका हसल्या. मलाही वाटलं, काय बोललो आपण! ते हसू किती महाग पडणार आहे, हे त्या शहाणीला कुठून कळावं. रेकॉर्डी त्याच दिवशी माळ्यावर गेल्या. नवऱ्यानं कधी मशीनचं नाव काढलं की सासूबाई म्हणायच्या, "आण की. मी जाते उदगीरला." नवरा चपला घालून बाहेर पडायचा. तो कुणाचीच बाजू घ्यायचा नाही, त्यामुळे आम्हा दोघींनाही त्याची किंमत नव्हती. आणि मी हट्टी इतकी, की शेजारी मशीन आलं तरी तिथं जाऊन ऐकल्या नाहीत. ऐकेन तर याच घरात, आणि यांच्या नाकावर टिच्चून.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. औशापलीकडं गावंच्या गावं गेली, तेव्हा आमच्या नुकसानीबद्दल तोंड उघडायचीही लाज वाटायची. सासूबाईंना नाही वाटली. भिंतीला तडा गेला, माळ्यावरचं सगळं खाली आलं, त्यांच्या सासूची लोणच्याची बरणी फुटली. रेकॉर्डी गादीवर पडल्या, शाबूत.

"माझी बरणी गेली," त्या अंगणातल्या पत्र्याखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "अन् हिचे तवे वाचले. देवालाबी न्याय न्हाई."

पुढं लातुरात क्लासांचं पीक आलं. घर नव्यानं बांधलं ते वर खोल्या काढूनच. चाकूर, मुदखेड, कुठून कुठून मुली राहायला आल्या. तोवर लोक रेकॉर्ड प्लेअर भंगारात द्यायला लागले होते. तसलाच एक मी स्वतः रिक्षातून घरी आणला.

सासूबाईंनी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. बोट वर केलं. "पोरी अभ्यास करायल्यात."

"हळू लावते."

"एक जरी नापास झाली, तर तिच्या आईबापाला मी तुझं नाव सांगणार."

नुसता जिना उतरला तरी ज्या पोरींवर या खेकसायच्या, त्यांचा आता हा पुळका! पण दर रविवारी सकाळी पोरी क्लासच्या परीक्षेला जायच्या आणि वरचा मजला रिकामा व्हायचा. पहिल्याच रविवारी शेवटच्या पोरीनं फाटक ओढलं आणि मी मशीन ओसरीत मांडलं. सासूबाई मेथी निवडत होत्या. उठल्या नाहीत, पाठ फिरवली.

भावगीतं लावली. इतकी रडकी, की साडीसाठी एवढं सोसलं याचं मलाच हसू आलं. कव्वाली जागोजाग अडकायची. मग कानडी लावली. दोन ओळी झाल्या आणि मेथीची काडी मोडल्याचा आवाज बंद झाला. सासूबाई वळून बसल्या होत्या. ओठ हलत होते. गाणं संपलं.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत या बाईनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी कसली सोडते!

"आधी अर्थ सांगा."

"तुला काय करायचाय?"

"रेकॉर्ड माझीय."

"भाषा माझी हाय."

मी झाकण लावलं. गल्लीतल्या कुणाही कानडी येणाऱ्यानं अर्थ सांगितला असता, पण मला तो यांच्याकडूनच वदवून घ्यायचा होता. पुढच्या रविवारी सासूबाई त्याच पोरींना जिन्यावरून हाकलत होत्या, "निघा गं, पेपर चुकंल!" मग मेथी घेऊन मशीनपाशी येऊन बसल्या. मी मुद्दाम ती रडकी भावगीतं लावली, उलटून पुन्हा लावली. त्यांनी निम्मी जुडी देठांसकट टोपलीत टाकली.

"लाव ती," शेवटी म्हणाल्या. "सांगते."

लावली. डोळे मिटून त्यांनी पहिलं कडवं ऐकलं.

"काय म्हणतेय?"

"म्हणती, सून आळशी हाय."

"आणि दुसऱ्यात?"

"तेच. आळस लई हाय तिचा, एका कडव्यात मावंना."

गाणं संपल्यावर मी रेकॉर्ड उलटवली. बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मीच विचारलं, "आता?"

"थांब," त्या म्हणाल्या, डोळे न उघडता. "आता सुनेच्या आईचं चाललंय."