ज्योतीकाकूंचं स्कूटीवरून पडणं

सुदामा नगरातल्या ज्योतीकाकूंवर अन्याय झाला तो त्यांच्या लेकीच्या, पिहूच्या, दुसऱ्या वाढदिवसाला, केक कापून झाल्याबरोबर. बोलायला लागलेली पिहू तोवर शब्द विसरली होती, हातात चमचा धरेनाशी झाली होती. सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "सातव्या महिन्यात ही स्कूटीवरून पडली. पोरीचं दिमाग तेव्हाच बिघडलं." एकानेही तोंड उघडलं नाही. पुढे सोळा वर्षं कोणी दुसरं कारण शोधलंही नाही.

मी काकूंना भेटलो ते त्यानंतर, एका संस्थेची गर्भवतींसाठीची पत्रकं घरोघर वाटताना. वर ठळक अक्षरांत मीच लिहिलं होतं : 'आईची काळजी, बाळाची बुद्धी.' काकूंनी दारातच चष्मा लावून अख्खं वाचलं. "काय भिया, बापांना छुट्टी आहे का? आणि हे तुला कोणी लिहून दिलं?"

'लिहून द्या' हे काकूंचं पालुपद. नळवाल्यापासून नगरसेवकापर्यंत कोणाचंच त्या तोंडी मानत नसत. सासूबाईंचं ते एक वाक्य तेवढं मानून बसल्या होत्या.

पिहूची हकीकत कळल्यावर तपासणीसाठी मी मागे लागलो. तुकोगंजमधल्या डॉक्टरांनी पिहूचं आणि आईबापांचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर ते म्हणाले, "मेंदूतल्या पेशींची जुळणी नीट ठेवणारा एक जीन असतो. पिहूच्या त्या जीनमध्ये बदल आहे. तुमच्या दोघांत नाही. तो गर्भ राहतानाच नव्याने झालाय."

"आणि स्कूटी?"

"पडल्याने जीन बदलत नाही, मॅडम."

"लिहून द्या."

डॉक्टर हसले. पण दिलं लिहून, सहीशिक्क्यासकट.

घरी काकूंनी तो कागद सासूबाईंपुढे ठेवला. मी भांडायच्या तयारीतच होतो. म्हातारीने दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "म्हणजे आमच्या खानदानातूनपण नाही ना? माझा धाकटा भाऊ असाच होता गं."

काकू बघतच राहिल्या. "नाही हो आई! सोळा साल हे पोटात ठेवून बसलात?" मग दोघी रडत रडत हसायला लागल्या.

पिहू बरी झाली नाही. ती हात चोळत बसते. पण काकू आता तिच्याकडे बघताना माफी मागितल्यासारखं बघत नाहीत. मी माझी उरलेली पत्रकं फाडली; त्यांतही सगळा भार आईवरच होता.

सासूबाईंवरचा माझा राग गेला. त्या दिवशी केक खाऊन गप्प घरी गेलेल्यांवरचा गेलेला नाही. तुमच्याही नात्यात एखादी आई असेल, जिला विचारलं गेलं, 'बाळ पोटात असताना तू काय केलं होतंस?' विचारणारे तुम्ही असाल, किंवा ऐकून गप्प बसलेले, तर आजच तिच्याकडे जा आणि माफी मागा. सगळ्यांसमोर.