वाफाळत्या पाकातली पावडर

आबा सकाळचा दुसरा चहा माझ्या चुलतभावाच्या शेततळ्यावर घेत. माझं तळं वाटेतच होतं. तिथे ते थांबत नसत.

दोन्ही तळी एकाच उन्हाळ्यात खोदलेली. एकाच टेम्पोतून आलेली रोहू-कटला माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आम्ही दोघांनी वाटून घेतली होती. आबांच्या तरुणपणी घरात मेंढरं होती. पुढे ऊस आला, कळप गेला, पण आबांची नजर मेंढपाळाचीच राहिली. जनावर खाण्यावर कसं तुटून पडतं, यावरून ते त्याची तब्येत सांगत. चुलतभावाकडे खाद्य पडताच पाणी उसळायचं. माझे मासे रेंगाळत यायचे, निम्मं खाद्य तळाशी जायचं. काहींच्या अंगावर लाल चट्टे उठले होते.

मी आबांचा थोरला मुलगा. त्यांनी रोज पुतण्याच्या तळ्यावर बसावं, हे मला सहन होत नव्हतं. इंदापुरात मी बातमीदारी करतो. तहसील कचेरीत कुणालाही काहीही विचारतो. पण खाद्यात काय घालतोस, एवढं मी चुलतभावाला विचारलं नाही.

मी पाहत राहिलो. आमच्या दोघांमध्ये उसाचं एक वावर आहे. त्याच्या कडेला उभं राहिलं की सगळं दिसे. बादलीत गुळाचं पाणी, त्यात पांढरी पावडर, ते पाणी खाद्यावर शिंपडून हाताने कालवणं, मग सावलीत ताडपत्रीवर वाळवणं. पावडरचं रिकामं पाकीट बांधावर सापडलं. त्यावरचं नाव लिहून घेतलं आणि बारामतीहून तेच आणलं. प्रोबायोटिक, म्हणजे माशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू, असं दुकानदार समजावू लागला. मला माहीत आहे, असं मी त्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी चूल मांडून गूळ चढवला. माझं लहानपण गुऱ्हाळावर गेलं. गूळ कशालाही चिकटवायचा तर आधी पाक करायचा, एवढंच मला ठाऊक. वाफाळत्या पाकात पावडर ओतली. खाद्याला छान चकाकी आली.

तीन आठवडे काही बदललं नाही. चुलतभाऊ आणखी काहीतरी लपून घालतो, अशी माझी खात्री झाली. तसं मी बायकोला सांगितलंही.

एका सकाळी तळ्यावरचा धूर पाहून तो आला. मागून आबा.

“दादा, बुंदी पाडताय का?”

मी कढई दाखवली.

“पावडर कधी घातली?”

“पाकात.”

“उकळत्या?” तो हसायला लागला. “आवं, जित्ती असत्यात ती. गार पाण्यात कालवायचं. तुमी तर समदी शिजवून घातली.”

आबा हसले नाहीत. “समद्या तालुक्याला इचारत फिरतो. भावाला इचारायला काय झालं व्हतं?”

मी कढई चुलीवरून उतरवली.

त्या दिवशी चुलतभावानेच गार पाण्यात गूळ विरघळवला, पावडर कालवली आणि खाद्य सावलीत पसरलं. तळाचं घाण पाणी काढून नवं सोडायला लावलं. महिन्याभरात चट्टे कमी झाले. गुण पावडरचा की पाण्याचा, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच बदललं होतं.

मग एकदा आबा माझ्या तळ्याशी थांबले. मी खाद्य फेकलं. पाणी उसळलं. आबा काठावर उकिडवे बसले आणि बराच वेळ पाहत राहिले.

“त्याच्या हाताला गुण हाय,” ते म्हणाले.

“आबा, चहा हितंच आणतो.”

“नको. तिकडं टाकलाय.”

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि उसाच्या कडेने पुढे गेले. मासे अजून तोंडं वर काढत होते. मी आणखी एक मूठ टाकली. त्यांना तिची गरज नव्हती.