एस्तेर मावशींचा हलका रस्सा

हे मी आईला सांगितलेलं नाही. ऑफिसात माझी एकच मैत्रीण आहे, तिलाही नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच — त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, बरोबर आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. जिना उतरला की त्यांचं दार. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. हे काही धाडस नव्हे, मला कळतं.

कुठून सुरुवात करू? दुपारपासून करते. शुक्रवारच्या दुपारी.

एस्तेर मावशींच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी आहे. हिवाळ्यात तिथून ऊन आत येतं ते आधी ओट्यावर, मग परातीवर, मग ओल्या फडक्याखाली फुगत असलेल्या कणकेवर. त्या घरात कुणी घाई करत नाही. इंदूरच्या तुकोगंजातल्या दवाखान्यांसमोर गाड्यांचा नुसता कालवा असतो, पण मागच्या गल्लीतल्या त्या खोलीत फक्त भिजवलेल्या मनुकांचा वास आणि मावशींची गुणगुण. मी तिथे स्टुलावर बसून राहायचे. फारसं बोलायचे नाही. मला बोलता येत नाही असं शाळेपासून सगळे म्हणत आले. एकट्या मावशीच कधी तसं म्हणाल्या नाहीत.

त्या बेने इस्राएली. मराठी ज्यू. माहेर अलिबागकडचं, नवरा इथल्या कापड गिरणीत होता म्हणून इंदूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा गेला, मुलगा इस्राएलला. त्यांच्यातलं दुसरं घर शहरात मला तरी माहीत नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्या दिवे लावतात आणि डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणतात. एकदा दिवे लागले की दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत चूल पेटत नाही. जे रांधायचं ते त्याआधी.

आणि दुसरा नियम — तो तुम्हाला नीट सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावर आहे. मांस आणि दूध एकत्र नाही. एका पातेल्यात नाही, एका जेवणात नाही. मांसाची भांडी स्टीलची, खालच्या फळीवर. दुधाची भांडी निळ्या काठाची, वरच्या फळीवर. म्हणून त्यांच्या कोंबडीच्या रश्श्यात दही नाही, साय नाही, तूप नाही. हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि वर नारळाचं घट्ट दूध. फिकट हिरवा, रेशमासारखा रस्सा. अलिबागचा.

मग मावशींच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं आणि नारळ बंद.

“नारळ बंद म्हणजे राहिलं काय गं?” त्या मला म्हणाल्या. “दूध देवाने बंद केलंय, नारळ डॉक्टरने. आता नळाचं पाणी घालू रश्श्यात?”

इथे मी आले. मला बेकिंग येत होतं — व्हिडिओ बघून शिकलेलं, पण येत होतं. आणि माझ्या सगळ्या केकांत लोणीच लोणी. मावशींचा शुक्रवारचा वेणीचा पाव मात्र बिनदुधाचा, बिनलोण्याचा हवा, कारण तो कशाच्याही जोडीने खाता यायला हवा. तेल कमी केलं की तो दगड व्हायचा. मी उकडलेल्या लाल भोपळ्याचा गर घालून पाहिला. पाव मऊ झाला, पिवळाधमक झाला. मावशींनी तोडून वास घेतला, डोळे मिटले.

“अगं सई, हा तर ढग आहे!”

मला कुणी असं काही म्हटलेलं नव्हतं. घरी म्हणतात, छान झालंय, थोडी शेव असती तर. (इंदुरात केकलाही शेव लावतील, भिया, काही सांगता येत नाही — हे वाक्य माझ्या बाबांचं.) मी त्या ढगावर बसले. मग केळं घालून केलेला बिनसाखरेचा केक, अंड्याच्या पांढऱ्या बलकाची हलकी बिस्किटं, आणि शेवटी बदामाचं दूध. बदाम रात्रभर भिजवायचे, सोलायचे, वाटायचे, मलमलीतून गाळायचे. नारळाच्या जागी. मी ते आमच्याकडे करायचे, पण मावशींनी दिलेल्या कोऱ्या भांड्यात, कोऱ्या बाटलीत, खास त्यासाठी आणलेलं मिक्सरचं वेगळं भांडं वापरून. त्यांनी एकदा विचारलं होतं, “वेगळंच ठेवतेस ना?” मी हो म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

बघा, मी अजून गोल गोलच फिरते आहे.

तो शुक्रवार डिसेंबरातला. मावशींचा भाचा डॅनियल ठाण्याहून येणार होता, बायकोला घेऊन, कितीतरी वर्षांनी. आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून कोंबडी आणणार होता. त्यांच्या नियमाने कापलेली कोंबडी इंदुरात मिळत नाही. एरवी मावशी मासे, अंडी, भाज्या यांवरच असतात. महिनोन्‌महिने मांस नाही. म्हणजे तो रस्सा काय होता ते लक्षात घ्या. आठवडाभर त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या, “आमचा डॅनी येतोय. आमची सई बदामाचं दूध काढतेय.” आमची सई.

आणि मी बदाम भिजवायला विसरले.

नुसती विसरले. त्याला कारण नाही. दुपारी उठून डबा उघडला तर बदाम कोरडे. गाडीला उशीर झालेला, डॅनियल नुकताच पोचलेला, खाली फोडणीचा आवाज, आणि हिवाळ्यातला सूर्य — तो कुणासाठी थांबतो? मी बदाम कढत पाण्यात घातले, घाईने सोलले, वाटले, गाळले. जे निघालं ते पातळ होतं, करड्या रंगाचं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. बाटली अर्धीही भरली नाही.

मी खाली जाऊन सांगू शकले असते. मावशी, विसरले. त्या हसल्या असत्या. एकदा त्यांच्या मांसाच्या पळीने मी चुकून कपात दूध ढवळलं होतं, तेव्हा त्यांनी ती पळी कुंडीतली माती उकरायला दिली आणि मला केळं खायला दिलं. चूक त्यांना चालायची. बिनदुधाचा, नुसता पातळ रस्सा झाला असता, तो त्यांनी आनंदाने वाढला असता. मग?

मग मी ढगावरून खाली उतरले असते. एवढंच.

आमच्या फ्रीजमध्ये गाईच्या दुधाचं पातेलं होतं. जाड साय धरलेली. मी ती बाजूला केली — किती व्यवस्थित केली, अजून दिसते — आणि बाटली वरपर्यंत भरली. हलवली. करडेपणा गेला. कसं शुभ्र दिसत होतं ते. मला त्या क्षणी भीती वाटली नाही, हे सांगायला हवं. मला ते सुंदर वाटलं.

मावशींनी बाटली खिडकीच्या उन्हात धरली. “कसं पांढरंशुभ्र निघालंय गं! डॅनी, बघ.” आणि स्वतःच्या हाताने पातेल्यात ओतलं. पातेलं सासूबाईंकडून आलेलं, मांसाचंच, आयुष्यभर त्याला दूध शिवलेलं नाही. मी शेजारी उभी होते. मनात म्हणत होते, फाट. फाट ना. दूध फाटलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं आणि मला बोलावं लागलं नसतं. ते फाटलं नाही. रस्सा मंद उकळला, हिरवा, मऊ, वाफेत खिडकीची काच धूसर झाली, आणि त्या धूसर काचेतून शेवटचं ऊन असं आत आलं की क्षणभर सगळं घरच दुधात बुडाल्यासारखं झालं.

दिवे लागले. मनुकांचं सरबत फिरलं. माझा पाव तोडला गेला.

“मावशी, हे काय आहे यार!” डॅनियल म्हणाला. “हे हलकं? डॉक्टरला बोलव, त्यालाच वाढ.”

“मेल्या, तुला तर लहानपणी भात घशाखाली जायचा नाही,” मावशी म्हणाल्या. “आता पातेलं चाटतोस? दोन थेंब तेल आहे त्यात. बाकी सगळे सईचे बदाम.”

“सईला ठाण्याला घेऊन जातो मग.”

“हात लावून बघ. ती माझी आहे.”

मी खाली बघत होते. सगळ्यांना वाटलं, लाजते आहे. लाजऱ्या माणसाला हा एक मोठा आडोसा असतो — कुणी कधी संशय घेत नाही.

जेवण झाल्यावर डॅनियलच्या बायकोने जांभई देत म्हटलं, “मावशी, थर्मासमध्ये चहा आहे का? गाडीत धड मिळालाच नाही.”

“आहे, पण काळा आहे हां. लिंबू पिळून घे. आत्ताच कोंबडी खाल्लीस, दुधाचा उद्या सकाळी.”

“अगं, मी काय विसरतेय!” ती जीभ चावून हसली. “थकले ना.”

मावशींनी काळा चहा ओतला. सगळ्यांनी लिंबू पिळून घेतलं. मीही घेतलं. त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होतं की सगळ्यांच्या पोटात काय आहे. आणि मी चहा प्यायले, आणि कप धुऊन, बरोबर त्याच्या फळीवर ठेवला.

आता ते सांगते, जे मला खूप उशिरा कळलं. मी घाबरून केलं असं नाही. मी विसरून केलं असंही नाही. माझी आई चातुर्मासात कांदा-लसूण शिवत नाही. तिच्या उपासाच्या खिचडीत कुणी गुपचूप कांदा किसून घातला असता तर मी ते घर डोक्यावर घेतलं असतं. आमचा नियम म्हणजे नियम. मावशींचा नियम मला — कसं सांगू — आवडायचा. निळ्या काठाची भांडी, दोन फळ्या, दिव्यांपुढचे झाकलेले डोळे. मी ते सगळं एखाद्या भरतकामासारखं बघत होते. ते खरं आहे असं मला वाटलंच नव्हतं. वाटलं असतं तर माझा हात फ्रीजकडे गेला नसता. दूधच तर आहे, असं मी म्हटलं. स्वतःला. इंग्रजीत म्हटलं बहुधा. मनातल्या मनात मी तेव्हा इंग्रजीतच बोलायचे.

ते पातेलं आजही खालच्या फळीवर आहे. मावशी त्यातच रांधतात. त्यांच्या लेखी ते शुद्ध आहे. ते तसं नाही हे फक्त मला माहीत आहे.

मी पुन्हा तसं केलं नाही. याला चांगुलपणा समजू नका. हात धजला नाही. पुढच्या प्रत्येक वेळी मी बदाम रात्रभर भिजवले, मलमलीतून दोनदा गाळले, खरं बदामाचं दूध दिलं. डॅनियल अधूनमधून कोणाबरोबर तरी खोकं पाठवतो, फोनवर सांगतो, “मावशी, तसाच कर हां, त्या दिवशीसारखा.” आणि मावशी करतात. रस्सा चांगला होतो. पण त्या दिवशीसारखा होत नाही. कसा होईल? बदामाचा जो होतो तो होतो. खरखरीत, जरा गोडसर. मावशी चमच्यावर घेऊन बघतात, पुन्हा झाकण ठेवतात. मसाला बदलून पाहिला. आच कमी केली. मिरची दुसऱ्या दुकानातून मागवली. एकदा मला म्हणाल्या, “बदाम तेच आणतेस ना गं?” मी हो म्हटलं. ते खरं होतं — मला आता खरं बोलून खोटं सांगता येतं.

गेल्या शुक्रवारी मी पाव घेऊन खाली गेले. ऊन परातीवर आलेलं. ओट्यावर खोकं होतं, नुकतंच आलेलं, आणि मावशी ते न उघडता समोर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. बोटांकडे बघत होत्या, जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी आहेत.

“सई, आज साधी कोंबडी करू. कांद्यावर परतून.”

“आणि रस्सा?”

“तो आता नाही करणार मी.” त्या हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही. “एकदाच जमला बघ. त्या दिवशी हातात होतं काहीतरी. आता हात गेले माझे. आमची आई म्हणायची, आधी हात जातात, मग माणूस जातं.”

खोलीत आम्ही दोघीच होतो. सूर्य मावळायला वेळ होता. वाक्य तयार होतं, छोटंसं, मराठीतच. माझ्या तोंडात होतं.

मी त्यांच्या हातांवर हात ठेवला आणि म्हणाले, “वय होतं हो, मावशी. चालायचंच.”

त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.