खाऱ्या गावातलं वरण

डाळ शिजत नाही म्हणून कुणी इंजिनेर होतं का? मी झालो. देशसेवा वगैरे सब झूट.

शेंदूरजन्याला आमची संत्र्याची बाग, विहिरीला गोडं पाणी. तिथली माझी थोरली बहीण, आमची अक्का, अकोटकडच्या एका खाऱ्या गावात दिली. तिथल्या विहिरींच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवा, शिजायची नाही. पहिल्याच महिन्यात सासूने तसलं कच्चं, उकळतं वरण तिच्या उजव्या हातावर ओतलं. "माहेरी काय शिकली वं तू?" मी तेव्हा शाळेत होतो. अक्काचा सोललेला हात पाहिला आणि ठरवलं, या गावात गोडं पाणी आणीन.

पुढे सरकारी बांधकाम खात्यात लागलो. सातपुड्याच्या पायथ्यापासून नळ आणायचा माझा नकाशा साहेबाने परत सरकवला. "लोक पीतच आलेत ना? मेले का?" कापसाच्या गाड्यांसाठी जिनिंगपर्यंत पक्की सडक मात्र माझ्याकडूनच करून घेतली. हरामखोर! राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला.

मग अमरावतीत वकील, मास्तर, भाजीवाले गोळा करून पाण्यासाठी समिती काढली. टाळ्या वाजवायला सगळे. नागपूरला सरकारदरबारी जायचं म्हटलं की एकाचं पोट दुखे, दुसऱ्याकडे सोयरे येत. केस पिकले तेव्हा कुठे अक्काच्या गावाला नळ आला.

त्याच आठवड्यात अक्काकडे जेवायला गेलो. सासू कधीच मेली होती. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. अक्काचे आता आले होते. ताटात लोण्यासारखं मऊ वरण. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पण मागल्या अंगणात तिची नवी सून दुसऱ्या चुलीवर वेगळं पातेलं घेऊन फुंकत बसली होती.

"ते काय गं, अक्का?"

"तिचं वरण. विहिरीच्या पाण्यातलं. नळाले हात लावाचा नाही म्हून सांगतलं तिले."

"काहून? अक्का, या पाण्यापायी जिंदगी घातली मी!"

"माह्यासाठी घातली ना, भाऊ? मंग मी पेईन. जलमभर खारं पेलं मी. थे काय आभायातून पडली?"

अक्का उठून अंगणात गेली. पातेल्यातला एक दाणा बोटांनी दाबला. टणक होता.

"माहेरी काय शिकली वं तू?" म्हणत तिने डागाच्या त्याच हाताने पातेलं उचललं. मी ताटावरून धावलो, पण चुलीपाशी पोचायच्या आत सून किंचाळली होती.