काटेरावाच्या आतला माणूस

पाखरं हाकलायला माणसं गोफण वापरतात. त्याच्या बापाने मुलगा वापरला. कणसं भरली की पोराला मचाणावर बसवायचं आणि सांगायचं, ओरड. एकाच आवाजाला पाखरं दोन दिवसांत सरावतात, तिसऱ्या दिवशी तुमच्याच मचाणावर येऊन बसतात. म्हणून पोरगा रोज नवा आवाज काढू लागला. कुत्र्याचा, दमेकरी म्हाताऱ्याचा, करकरणाऱ्या फाटकाचा, कधी कुणीच न पाहिलेल्या जनावराचा. त्याला ना शाळा होती ना गुरू. ऐकायला पाखरं होती, ती उडाली की पोरगा पास. मी त्याच गावचा. हे माझं पाहिलेलं आहे, ऐकीव नाही.

पुढे तो शहरात गेला आणि रंगाच्या दुकानात डबे ढवळू लागला. तिथे कार्टून काढणारे लोक रंग घ्यायला येत. हा डब्याचं झाकण उघडताना आतून कुणीतरी ओरडल्यासारखं करी, लोक हसत, मालक डोळे वटारी. एकदा त्या लोकांनी त्याला सोबत नेलं. त्यांच्याकडे एका साळिंदराचं चित्र होतं, पोट सुटलेलं, अंगभर काटे, चेहरा मात्र रुसलेल्या मामासारखा. नाव ठेवलं होतं काटेराव. सहा नट येऊन गेले होते, एकाचाही आवाज त्या तोंडाला बसेना. हा चित्रासमोर थोडा वेळ उभा राहिला, नाक आवळलं, घसा मागे ओढला आणि म्हणाला, "जवळ या, पण बेताने!"

खोलीतले सगळे हसले. पाखरं उडाली म्हणायची.

त्यानंतर सत्तावीस वर्षं तो काटेराव होता. त्याचं खरं नाव विजेच्या बिलावर राहिलं. गल्लीत काटेराव, दवाखान्यात काटेराव, मेव्हणासुद्धा फोनवर विचारी, "काटेराव आहेत का घरात?"

कामाची खोली न्हाणीघराएवढी. भिंतींना जाड गाद्या, समोर कागद ठेवायची दांडी, वर लोंबणारा माइक, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. आत जाताना घड्याळ काढायचं, कारण टिकटिक येते. कडक इस्त्रीचा सदरा चालत नाही, कारण तो कुरकुरतो. उपाशीपोटी जायचं नाही, कारण पोट मध्येच बोलतं, आणि पोटभर खाऊनही जायचं नाही, कारण मग आवाज जेवून झोपल्यासारखा येतो. जीभ चिकटून टकटक वाजू नये म्हणून हिरव्या सफरचंदाची एक फोड. पान उलटताना श्वास धरायचा. या मालिकेत आधी आवाज, मग चित्र. तो बोले आणि चित्रकार त्याच्या तोंडावरून काटेरावाचं तोंड काढत. बोलताना याचा डावा गाल वर जाई, म्हणून काटेरावाचाही जाई. देशभरची मुलं तो गाल उडवून एकमेकांना वेडावत.

रेकॉर्डिस्ट मोठा खडूस. काचेतून त्याचा एकच शब्द येई, "परत." पाच वेळा परत, नऊ वेळा परत. एकदा नुसती शिंक एकवीस वेळा दिली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "आता साळिंदर शिंकलं. इतका वेळ तूच शिंकत होतास." दोघांची दोस्ती ती अशी.

एवढा आवळलेला घसा संध्याकाळी घरी आला की त्याला बोलायची सोय नसे. डॉक्टरने बजावलं होतं, काम नसेल तेव्हा गप्प. घरात पाटी होती. "मीठ कमी आहे," तो लिहून दाखवी. बायको वाचून म्हणे, "भांडायचं असलं तरी खडू शोधावा लागतो या घरात." मुलगी लहान असताना तिला बापाचा खरा आवाज सहसा ऐकायलाच मिळाला नाही. एकदा तिचा ताप डोक्यात गेला तेव्हा तो तिच्या उशाशी बसून स्वतःच्या आवाजात काहीबाही बोलला, तर ती डोळे मिटूनच म्हणाली, "हे कोण आलेत? काटेरावांना बोलवा ना." त्याने नाक आवळलं आणि रात्रभर काटेराव होऊन बोलत राहिला. हे सांगताना बायको हसते, पण हसणं मध्येच सोडून देते. "लोकांना आवाज मिळाला हो," ती म्हणते, "माझ्या वाट्याला गुळण्या आल्या."

नात झाली, पाच वर्षांची झाली, तेव्हा काटेरावाचा मोठा सिनेमा निघाला. मालिका नव्हे, थेटरातला सिनेमा. नव्या दिग्दर्शकाने, तिशीतल्या पोराने, त्याला बोलावलं. "काका, आठ दिवस द्याल का? अख्खा सिनेमा बोलून घेऊ."

आठ दिवस तो बोलला. काटेरावाचं जंगल जळतं, पिल्लू हरवतं, शेवटी सापडतं. आणि नवल असं की या आठ दिवसांत काचेतून एकदाही "परत" आलं नाही. एक वाक्य, एक टेक, ओके. पुढचं. पाचव्या दिवशी तो घरी आला तो पाटीला हात न लावता बोलतच आला. "सत्तावीस वर्षं लागली, पण पिकलो बघ मी. आज पिल्लू हरवल्यावरचं रडणं पहिल्या फटक्यात!"

"पिकलेलं फळ गळतं," बायको म्हणाली. "जपा."

"तू कधी बरं बोलू नकोस."

मग त्याने नातीला मांडीवर घेतलं. "आता आजोबा भल्यामोठ्या पडद्यावर बोलणार. या भिंतीएवढा काटेराव. तू पहिल्या रांगेत बसायचं आणि सगळ्यांना सांगायचं, हा माझा आजोबा."

त्याला आयुष्यात दुसरं काही दाखवण्यासारखं नव्हतं. ज्या कामापायी तो घरात मुका राहिला, ते काम घरातल्या एका तरी माणसाने अभिमानाने ऐकावं, एवढीच त्याची भूक. लेकीची वेळ निघून गेली होती. नात हाताशी होती. तिने दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग गोळा करून सांगितलं.

चार महिन्यांनी नाक्यावर पोस्टर लागलं. एक मोठा नट, पडद्यावर दहा जणांना लोळवणारा, मांडीवर साळिंदर घेऊन बसला होता. वर लिहिलं होतं, आता काटेराव बोलणार यांच्या आवाजात.

तो तसाच स्टुडिओत गेला. रेकॉर्डिस्ट वायरी गुंडाळत होता.

"हे काय?"

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं होतं?"

रेकॉर्डिस्टने चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "ते आठ दिवस कच्च्या आवाजाचे होते. चित्रकारांना तोंडं काढायला कुणाचा तरी आवाज लागतो. मोठ्या सिनेमात हीच रीत. चित्रं झाली की वर नटाचा आवाज बसवायचा आणि पहिला पुसायचा."

"कुणाचा तरी," तो म्हणाला.

"आपल्या मालिकेत एकदाच बोलायचं असे, म्हणून तुझ्या डोक्यात आलं नसेल. पण आठ दिवस मी एकदाही परत म्हणालो नाही. तेव्हा तरी तुला कळायला हवं होतं रे."

"मला वाटलं, मी चांगला झालो."

रेकॉर्डिस्ट पुन्हा वायरी गुंडाळू लागला.

तेवढ्यात दिग्दर्शक आला, ओशाळला, खुर्ची पुढे केली. वरच्यांचा निर्णय होता म्हणाला. मग हळूच म्हणाला, "काका, दोन दिवस त्यांच्याशेजारी बसाल? शब्द जमतात त्यांना, पण काटेराव जमत नाही."

"माझं एक वाक्य ठेवा. एकच. पिल्लू हरवतं तिथलं."

"एका तोंडाला दोन आवाज कसे चालतील?"

घरी बायकोने ऐकलं आणि तव्यावरची पोळी करपू दिली. "बीळ तुम्ही खणलं, सत्तावीस वर्षं नखं झिजवून. आता आयत्या बिळावर नागोबा, आणि तुम्ही त्याला वाट दाखवायला जाणार?"

"जाणार."

"का?"

त्याने पाटी ओढली, पण लिहिलं काही नाही. खरं कारण लिहिण्याजोगं नव्हतं. त्याला नट तोंडघशी पडताना बघायचा होता. नट पडला असता तर सगळे याच्याकडे वळले असते, आणि नातीला दिलेला शब्द राहिला असता.

नट वेळेवर आला. घड्याळ स्वतःहून काढून ठेवलं. "काका, लहानपणी तुमचं ऐकूनच जेवायचो मी," म्हणाला, आणि ते खोटं वाटलं नाही. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, असं आमचा काटेराव मला नंतर म्हणाला. वाईट माणसावर राग धरता येतो.

नट कानाला हेडफोन लावी, त्यात याचा आवाज ऐके आणि पाठोपाठ बोले. सकाळभर जमलं नाही. काचेतून "परत, परत" येत होतं आणि हा शेजारी बसून ते मोजत होता. जेवणानंतर पिल्लू हरवल्याचा भाग आला. तिथे पडद्यावर काटेराव बोलता बोलता थांबतो, त्याचा गळा हलतो, मग पुढे बोलतो. नटाने तो भाग तीनदा थांबवला.

"काका, इथे तुम्ही काय विचार केला होता? हे थांबणं फार मोठं आहे."

"काही नाही. घसा कोरडा पडला होता, आवंढा गिळला."

सगळे हसले. चित्रकारांनी त्याचा आवंढाही इमानेइतबारे काढला होता. नट मात्र हसला नाही. त्याने डोळे मिटले, वाक्य घेतलं, थांबला, गिळलं आणि पुढचे शब्द असे आणले की रेकॉर्डिस्टचा हात बटणावरच राहिला. तिथे एक बाप उभा होता, ज्याचं पोर खरंच सापडत नव्हतं.

रेकॉर्डिस्टने काचेतून याच्याकडे पाहिलं, याच्याकडेच. विचारत होता, परत घ्यायचं का? याने नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलता आलं असतं. पण आयुष्यभर ज्या कानांनी भाकरी दिली, ते कान त्याला खोटं बोलू देईनात.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी मुलगी आली. "बाबा, तिला सांगून टाका. पोस्टर वाचता येत नाही तिला अजून, पण कुणीतरी सांगेलच. तुमच्या तोंडून कळू दे."

"सांगतो."

"कधी?"

"सिनेमा झाल्यावर. आधी सांगितलं तर तिचं बघायचं राहील."

"तिचं की तुमचं?"

"अगं, तोडून बोलू नकोस त्यांना," बायको म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याची बाजू घेतली ती ही अशी.

थेटरात नात पहिल्या रांगेत, त्याचं बोट धरून, पलीकडे बायको आणि मुलगी. दिवे गेले. भिंतीएवढा काटेराव आला, डावा गाल वर गेला, तोंड उघडलं आणि आत दुसराच माणूस बोलला. नात दर थोड्या वेळाने मान वळवून अंधारात आजोबाकडे बघे. तो पडद्याकडे बघत राही. पिल्लू हरवलं तेव्हा ती रडली, त्याच्या बाहीला नाक पुसलं. मागे कुणाची तरी आई हुंदके देत होती. हसायच्या जागी हसणं आलं, रडायच्या जागी रडणं. सिनेमा चांगला होता. हेच त्याच्याने गिळवेना.

बाहेरच्या जिन्याजवळ तिच्या वर्गातल्या चार मुली आयांसोबत उभ्या होत्या. त्यांना बघून नातीने बोट सोडलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. तोंड फुललेलं.

"आजोबा, किती छान बोललात तुम्ही! घरी बोलता त्याच्यापेक्षा कितीतरी छान!"

त्याची मुलगी पुढे झाली. "हे बघ सोनू, आजोबांना तुला काहीतरी..." बायकोने तिचा दंड धरला.

सांगायची वेळ हीच होती. त्याने तोंड उघडलंही.

"या सगळ्यांना बोलून दाखवा ना," नात म्हणाली. "पिल्लू हरवतं तेव्हाचं."

तो वाकला, नाक आवळलं, घसा मागे ओढला आणि ते वाक्य म्हटलं, सत्तावीस वर्षं काटेराव जसा बोलत आला तसं.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. नातीच्या कपाळाला आठी पडली. "असं नाही. आत्ता म्हणालात तसं."

मग त्याने नाक सैल सोडलं, आवाज छातीत उतरवला, आवंढा त्या नटाने गिळला होता तिथेच, तितकाच गिळला आणि वाक्य पुरं केलं.

"हां, अस्सं!" नातीने टाळी वाजवली आणि मैत्रिणींकडे वळली. "बघितलंत? आता बरोब्बर आलं."